चोर्ला घाट, पहाटेचे दव आणि पिकअपचे चार टायर

गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बोलेरो पिकअपचे चारही टायर आम्ही बदलले आणि मार्चअखेरपर्यंत त्यांवर अठरा हजार किलोमीटरच्या जवळपास धाव झाली. एक अख्खा हिवाळा, म्हणजे आमच्या भागातला ऊसतोडीचा आणि धुक्याचा पूर्ण हंगाम, या टायरांनी पाहिला आहे, त्यामुळे आता त्यांच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. टायर घेताना मी पाच-सहा दुकाने फिरलो, पुष्कळ परस्परविरोधी सल्ले ऐकले आणि एके ठिकाणी चुकीचा टायर घेता घेता थोडक्यात वाचलो. ती सगळी हकीकत येथे देत आहे, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भाजी, दूध किंवा इतर माल घेऊन पहाटे निघणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्यापुढे हाच प्रश्न दोन-तीन वर्षांनी एकदा उभा राहतो.

आमच्या गाडीचा रस्ता आधी सांगितला पाहिजे, कारण टायरची निवड रस्त्यावरूनच ठरते. कडोलीच्या शिवारातील कोबी, फ्लॉवर, बीन्स आणि हिरवी मिरची रात्री भरायची, अडीचच्या सुमारास निघायचे, पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि साखळी, डिचोलीवरून उजाडण्याच्या आत म्हापशाच्या बाजारात पोहोचायचे. माल उतरवून, हिशेब करून गाडी परत फिरते तेव्हा हौदा रिकामा असतो, फार तर रिकामे क्रेट असतात. म्हणजे जाताना भरलेली गाडी अंधारात घाट उतरते आणि येताना हलकी गाडी तोच घाट चढते. आठवड्यातून चार-पाच दिवस हा क्रम असतो. उरलेल्या दिवसांत गाडी पाणंदीतून शेतात जाते, आणि तो वापर टायरांना घाटाइतकाच कठीण पडतो.

हिवाळ्यातील टायर म्हटले की माहितीचा शोध घेणाऱ्याला सगळीकडे बर्फाच्याच गोष्टी वाचायला मिळतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण म्हणून आपला हिवाळा टायरला सोपा असतो असे मुळीच नाही. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट बारा-चौदा अंशांवर येते आणि दुपारी पारा तिशीला टेकतो. मलप्रभेचा उगम जेथे होतो ते कणकुंबी समुद्रसपाटीपासून ७९२ मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या आसपासच्या रानात धुके इतके दाट उतरते की झाडांवरून पाऊस पडावा तसे थेंब रस्त्यावर ठिबकत राहतात. रस्त्यावर पाणी साचलेले नसते, डोळ्यांना नुसता काळा, किंचित चमकणारा डांबरी रस्ता दिसतो, परंतु त्यावर दवाचा पातळ थर असतो आणि त्या थरात धूळ, डिझेलचे थेंब व पानांचा चिकट चुरा मिसळलेला असतो. भर पावसात रस्ता निदान धुऊन निघतो. दवाने तो धुतला जात नाही, केवळ भिजतो, आणि घसरणीचे खरे कारण हेच आहे.

यात ऊसतोडीची भर पडते. गळीत हंगाम सुरू झाला की प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांतून आलेला चिखल डांबरावर पसरतो, त्यावर उसाचे पाचट पडते, आणि पहाटेच्या ओलाव्याने त्याचा जो राडा होतो त्यावर गुळगुळीत टायरची गाडी उभीच राहू शकत नाही. येळ्ळूर-शहापूरच्या बाजूची काळी माती तर नक्षीच्या खाचांत एवढी घट्ट बसते की शेतातून बाहेर आल्यावर पहिला अर्धा किलोमीटर टायरला नक्षी आहे की नाही याने काही फरक पडत नाही.

आमचे जुने टायर नोव्हेंबरपर्यंत तसे चालत होते. कडेच्या खाचांत नक्षीची झीज दाखवणारे जे छोटे उंचवटे असतात ते आणि नक्षी जवळजवळ एका पातळीवर आले होते, म्हणजे खोली दोन मिलिमीटरच्या आसपास उरली होती. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर चालते, म्हणून आम्ही दिवाळीनंतर पाहू असे म्हणत राहिलो. मग एका सकाळी नऊच्या सुमारास, रिकामी गाडी घेऊन परत येताना, कणकुंबीच्या अलीकडे सावलीतल्या एका वळणावर ब्रेक लागताच मागचा भाग डावीकडे सरकला. माझा धाकटा भाऊ गाडी चालवत होता. वेग चाळिशीच्या आतच होता, समोरून कोणी येत नव्हते, आणि त्याने ब्रेक सोडून स्टिअरिंग सावरले म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. घरी आल्यावर त्याने कोणाला काही सांगितले नाही, जेवायला बसल्यावर मात्र तो मला म्हणाला, “दादा, टायर आजच बघूया.” त्याचा आवाज ऐकल्यावर मी किंमत विचारली नाही.

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग का सरकतो हे समजून घेतले तर टायर निवडणे पुष्कळ सोपे जाते. गाडीचे इंजिन पुढे, चालवणारी चाके मागे, आणि मागचे पाटे सव्वा-दीड टन मालासाठी कडक केलेले असतात. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर भारच नसतो. त्यात हवा मात्र भरलेल्या गाडीच्या मापाने कडक असते, त्यामुळे टायरचा जमिनीला टेकणारा भाग आणखी लहान होतो. भरलेल्या गाडीत जे टायर ठीक वाटतात तेच रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर दगा देतात, ते यामुळे. म्हणून आमच्यासारख्या गाडीचा टायर दोन्ही अवस्थांत कसा वागतो ते पाहावे लागते.

पहिल्या दुकानात आम्हाला जो अनुभव आला तो मुद्दाम सविस्तर लिहितो. दुकानाचे नाव देत नाही. आमच्या गाडीचे माप २१५/७५ आर १५. दुकानदाराने त्याच मापाचे, एका नामांकित कंपनीचे टायर दाखवले, भाव इतरांपेक्षा बराच कमी सांगितला आणि “बोलेरोलाच बसतंय की ओ हे, डोळे झाकून घाला, मालक” असे आश्वासनही दिले. माप जुळत होते, रिमवर ते बसलेही असते. परंतु कडेवर मापाच्या पुढे १०० हा अंक होता, आणि आमच्या जुन्या टायरवर १०६/१०३ असे अंक होते. हा अंक म्हणजे भारांक. १०० भारांकाचा टायर ८०० किलो वजन पेलतो आणि १०६ भारांकाचा ९५० किलो. (तिरप्या रेषेपुढचा १०३ हा अंक एका बाजूला दोन-दोन चाके असणाऱ्या गाडीसाठी असतो, आपल्या पिकअपला पहिला अंक पाहायचा.) दुकानदार दाखवत होता तो टायर माणसे नेणाऱ्या बोलेरोचा होता. मागच्या दोन चाकांचा हिशेब केला तर एका जोडीची क्षमता १६०० किलो आणि दुसरीची १९०० किलो. भाजीने भरलेल्या पिकअपच्या मागच्या आसावर किती भार येतो याची कल्पना असणाऱ्याला या तीनशे किलोंचे महत्त्व वेगळे सांगायला नको. घाट उतरताना, ब्रेकच्या उष्णतेने तापलेल्या रिमवर, क्षमतेपेक्षा जास्त भार घेणारा टायर फुटला तर नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही.

त्याच टायरांवर दुसरी एक गोष्ट होती. कडेवर लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. तेथे ४१२२ असे होते, म्हणजे टायर २०२२ सालच्या ऑक्टोबरात तयार झालेला, तीन वर्षे गोदामात पडलेला. रबर पडून राहिले तरी हळूहळू कडक होत जाते, आणि ओल्या रस्त्यावरची पकड रबराच्या मऊपणावरच अवलंबून असते. स्वस्ताचे कारण कळले. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. नवा टायर घेताना हे चार आकडे प्रत्येक टायरवर स्वतः वाचावेत, चारांपैकी एकावरच पाहून थांबू नये. आम्ही शेवटी घेतलेल्या चार टायरांपैकी तिघांवर ३७२५ आणि एकावर ३४२५ होते, म्हणजे सगळे दोन-तीन महिन्यांच्या आतले. कडेवर भारतीय मानक ब्यूरोचा आयएसआय शिक्का आहे की नाही हेही त्याच वेळी पाहावे. व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ हे मानक आहे.

आता बर्फाच्या टायरांविषयी थोडेसे, कारण तसा सल्लाही आम्हाला मिळाला. एका दुकानात जाड, दणकट नक्षीचे टायर दाखवून, यावर एम आणि एस ही अक्षरे आहेत, म्हणजे हे चिखल आणि बर्फ दोन्हींसाठी आहेत, हिवाळ्याला उत्तम, असे सांगण्यात आले. ही अक्षरे निर्माता स्वतः नक्षीच्या घडणीवरून घालतो. बर्फावर प्रत्यक्ष चाचणी होऊन जी खूण मिळते ती वेगळी, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चित्र अशी असते. खऱ्या हिवाळी टायरचे रबर सात अंशांखालच्या थंडीतही मऊ राहील असे बनवलेले असते आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात, ज्या बर्फाला धरून ठेवतात. जर्मनीत २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत, आणि तेथे ते योग्यच आहे. परंतु तेच मऊ रबर आपल्या तीस अंशांच्या दुपारी, गरम डांबरावर, भरलेल्या गाडीखाली झपाट्याने झिजेल आणि ब्रेक लागताना दबेल. गोव्यात उतरल्यावर तर पाराही चढतो. म्हणून बेळगावच्या माणसाने बर्फाच्या खुणेसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. त्या बारीक चिरांची कल्पना मात्र उपयोगाची आहे, आणि साध्या टायरच्या नक्षीतही काही प्रमाणात त्या असल्या तर दवाच्या थरावर त्यांचा फायदा होतो.

आता नक्षीविषयी. आमच्याकडे गाडीवाले ढोबळ मानाने दोनच प्रकार मानतात, लाईनचा टायर आणि बटणाचा टायर. लाईनच्या टायरला लांब सरळ खाचा असतात, तो पुढच्या चाकांना चांगला, स्टिअरिंग हलके ठेवणारा आणि डांबरावर दीर्घकाळ टिकणारा. बटणाच्या टायरला मोठे सुटे ठोकळे असतात, तो चिखलातून गाडी ओढतो. आमच्या गावातल्या बहुतेक पिकअपना पुढे लाईन आणि मागे बटण अशी जोडी दिसते, आणि केवळ शेत ते बाजार एवढाच वापर असेल तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ओल्या डांबरी घाटात मोठ्या ठोकळ्यांचा टायर जमिनीला कमी टेकतो. ठोकळ्यांमधील रिकामी जागा चिखलासाठी असते, डांबरावर ती पकड देत नाही. ज्या मागच्या चाकांवर आधीच भार नाही त्यांनाच कमी टेकणारा टायर घालणे मला पटले नाही. आम्ही मधल्या नक्षीचा, ट्यूबलेस, आठ प्लाय रेटिंगचा (हा आकडा टायरची भार पेलण्याची ताकद सांगतो) रेडियल, म्हणजे आतले दोरे कडेपासून कडेपर्यंत आडवे असलेला टायर, चारही चाकांना घेतला. मध्ये तीन लांब खाचा, त्यांना जोडणाऱ्या तिरप्या खाचा, खांद्यावर उघडे ठोकळे आणि मधल्या पट्ट्यांवर बारीक चिरा, अशी ही नक्षी आहे. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके यांच्या हलक्या व्यापारी वाहनांच्या टायरांत थोड्याफार फरकाने असे नमुने असतात, म्हणून मी एका कंपनीचे नाव घेऊन सांगण्यापेक्षा नक्षी आणि भारांक यांवरच भर देत आहे. एमआरएफचा कारखाना आपल्या घाटाखाली, गोव्यात उसगावला आहे, आणि जेकेचा म्हैसूरला, जेथे पूर्वी विक्रांत टायर बनत. या दोन नावांविषयी आमच्याकडच्या जुन्या चालकांना विशेष जिव्हाळा आहे. तो मला समजतो, परंतु त्याच कंपनीच्या चुकीच्या भारांकाचा टायर दुसऱ्या कंपनीच्या बरोबर टायरपेक्षा चांगला ठरत नाही.

एका जागी मोहही झाला. २३५/७५ आर १५ या रुंद मापाचे टायर घातले तर गाडी भारदस्त दिसते आणि जमिनीपासून पंधरा मिलिमीटर उंचही होते. हिशेब केला तेव्हा तो विचार सोडला. मूळ टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो आणि या मोठ्या टायरचा ७३३, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक फरक. वेगाचा काटा साठ दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टने धावेल, भरलेल्या गाडीला चढावर गिअर जड पडतील, आणि कंपनीने मंजूर न केलेले माप असल्यामुळे अपघात झाल्यास विमा कंपनीशी वाद होण्याची शक्यता राहील. व्यापारी गाडीला दिसण्यासाठी हा धोका पत्करू नये.

टायर जेथून घेतले ते दुकान शहरातून जांबोटीच्या वाटेला लागण्याआधी आहे. दुकान लहान आहे, मशीन दोनच, परंतु काम फार नीट झाले. मिस्त्री कन्नड भाषिक, वयस्कर. आमची जुनी चाके उतरवताच पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवून त्यांनी “गाळी कम्मी ऐती” असे म्हटले, म्हणजे हवा कमी आहे, आणि मग मराठीत समजावून सांगितले की दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग उरला तर टायर कमी हवेवर चालला, मधला झिजला तर जास्त हवेवर, आणि एकच कड झिजली तर अलाईनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेले. आमच्या टायरने पहिला आणि तिसरा असे दोन्ही दोष दाखवले. त्यांनी रिमच्या आतली गंजलेली कड तारेच्या ब्रशने घासली, जुने व्हॉल्व्ह न विचारता बदलले (त्यांचे पैसे बिलात स्वतंत्र दाखवले), बॅलन्सिंग केले आणि शेवटी अलाईनमेंटचा आधीचा व नंतरचा कागद हातात दिला. ट्यूबलेस टायर बसवताना रिमची कड साफ करणे ही शोभेची गोष्ट नाही. तेथूनच हवा हळूहळू निसटते आणि थंडीत ते लवकर लक्षात येत नाही. या कामाला पावणेदोन तास लागले. घाई असणाऱ्याने येथे जाऊ नये, सकाळी दहाच्या आत जावे.

चार टायर बदलण्याची ऐपत प्रत्येक वेळी असतेच असे नाही. दोनच घ्यायचे झाले तर नवे कोठे घालावेत यावर दुकानात माझा आणि दुसऱ्या एका ग्राहकाचा बराच वेळ वाद झाला. आपल्याकडे नवे टायर पुढे घालण्याची रीत आहे, कारण पुढचा टायर फुटला तर गाडी हातातून जाते अशी भीती असते. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. आमच्या भावाने ते केले, परंतु त्या भरवशावर कोणी राहू नये. नवी जोडी मागे घालावी, आणि पुढे जी राहील ती सुस्थितीत नसेल तर गाडी उभी ठेवावी. एकाच आसावर एक नायलॉन (तिरप्या दोऱ्यांचा, जुन्या पद्धतीचा) आणि एक रेडियल असे तर कधीही घालू नये.

हवेविषयी मात्र मला जरा अधिक लिहायचे आहे, कारण टायर घेताना केलेली सगळी काळजी हवेच्या दुर्लक्षाने वाया जाते आणि थंडीत हे दुर्लक्ष सर्वांत महाग पडते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब सुमारे एक पीएसआयने (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी होतो, आणि आमच्या गाडीसारखा दाब साठच्या आसपास असेल तर त्याहून थोडा अधिक. दुपारी तीस अंशांत, उन्हात उभ्या गाडीत साठ भरली, तर पहाटे पंधरा अंशांत ती साडेछप्पनच्या आसपास दिसते. शिवाय धावून आलेल्या गरम टायरमध्ये मोजली तर काटा मुळातच जास्त दाखवतो, म्हणजे आपण कमी हवेवर समाधान मानून निघतो. कमी हवेचा टायर भाराखाली जास्त दबतो, कडेने तापतो, आणि जुन्या टायरच्या दोन्ही कडा आमच्याकडे अशाच झिजल्या होत्या. आता आम्ही रात्री माल भरण्याआधी, गाडी तीन-चार तास उभी राहिल्यानंतर, स्वतःच्या मापकाने हवा पाहतो. पेट्रोल पंपावरच्या मशीनवर अवलंबून राहत नाही. साधा डायलचा मापक काही शे रुपयांत मिळतो आणि एवढी उपयोगी वस्तू गाडीत दुसरी नाही.

घाटाची एक गंमतीशीर गोष्टही येथे नोंदवतो. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि म्हापसा जवळजवळ समुद्रसपाटीला. खाली उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे टायरमधली हवा तेवढीच असूनही मापकावर एक-सव्वा पीएसआय कमी दिसते. मी पहिल्यांदा म्हापशात मोजली तेव्हा पंक्चर समजून चारही चाकांना साबणाचे पाणी लावले होते. तेथे जास्त भरून घेऊ नये, परत वर आल्यावर ती आपोआप जास्त दिसू लागते.

परतीच्या रिकाम्या गाडीसाठी मागच्या चाकांतील हवा कमी करावी का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. गाडीच्या दारावरील तक्त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या अवस्थेचे वेगळे आकडे दिलेले असतील तर ते पाळावेत. रोज हवा काढणे आणि भरणे आमच्याच्याने होत नाही, म्हणून आम्ही हवा तशीच ठेवतो आणि त्याऐवजी परतीला रिकामे क्रेट पसरून न ठेवता मागच्या आसाच्या बरोबर वर रचून घट्ट बांधतो, सोबत वाळूची दोन पोती असतात. शंभर किलोंनी फार फरक पडत नाही असे कोणी म्हणेल. सावलीतल्या त्याच वळणावर आम्हाला तो जाणवला आहे.

आता टायरांचा प्रत्यक्ष अनुभव. ओल्या डांबरावरचा ब्रेक ही यांची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर पूर्वी जो क्षणभर सैलपणा जाणवायचा तो पूर्ण गेला. रिकाम्या गाडीत फरक आहे, पण तो भरलेल्या गाडीइतका मोठा नाही. धुक्यात, पाने पडलेल्या वळणावर मागचा भाग अजूनही थोडा हलका वाटतो, आणि कोणत्याही टायरने ते पूर्णपणे जाईल असे मला वाटत नाही. पाणंदीत उसाचा राडा असेल तर गाडी निघते, मात्र काळ्या मातीत शेताच्या आत नेली की बटणाच्या टायरची उणीव भासते. जानेवारीत येळ्ळूरच्या बाजूला मसुराच्या शेताच्या बांधावर गाडी दोनदा अडकली आणि ट्रॅक्टरने ओढावी लागली. ज्यांची गाडी रोज शेतात उतरते त्यांनी आमची निवड जशीच्या तशी उचलू नये.

तक्रारी दोन आहेत. खांद्याच्या ठोकळ्यांचा आवाज साठच्या वर केबिनमध्ये येतो, काकतीच्या बाजूला महामार्गावर तो सतत गुणगुणतो आणि रात्रीच्या एकट्या चालकाला त्याने थकवा येतो. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ऊस तोडल्यानंतर सरीत जे टोकदार बुडखे उरतात त्यांनी फेब्रुवारीत एका टायरच्या कडेला बोटभर चीर पाडली. रेडियलची कड पातळ असते, आणि कडेवरची चीर पंक्चरसारखी दुरुस्त करता येत नाही, करूही नये. तो टायर आम्ही चालवणे बंद केले. तळाला मोळा घुसून झालेली दोन पंक्चर मात्र दहा-दहा मिनिटांत, चाक न उतरवता निघाली, आणि कणकुंबी ते केरी या विरळ वस्तीच्या रस्त्यावर पहाटे साडेतीनला ट्यूबलेसची किंमत कळते.

किमतीबद्दल इतकेच, की एका टायरला सात हजारांच्या थोडे वर पडले, बसवणे, बॅलन्सिंग, अलाईनमेंट वेगळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात दिसतो की नाही ते पाहावे, कारण जुन्या छापील किमतीच्या आधारे भाव सांगणारे एक दुकान आम्हाला भेटले. कर दोन्ही राज्यांत सारखाच असल्यामुळे केवळ टायरसाठी कोल्हापूरला जाण्याने काही वाचत नाही, उलट वॉरंटीचा प्रश्न आला तर तेवढेच अंतर पुन्हा कापावे लागते. ओल्या रस्त्यावरची पकड, टायर फिरताना होणारा अवरोध आणि आवाज यांच्या चाचणीचे एआयएस १४२ हे मानक केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचित केले असून, पिकअपचे टायर त्यातल्या सी-२ या वर्गात येतात. हे मानक तुमच्या टायरला लागू आहे का, हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा. मी तो पाच ठिकाणी विचारला आणि दोन ठिकाणीच नीट उत्तर मिळाले.

नवे असताना नक्षीची खोली साडेनऊ मिलिमीटर होती. आठ हजार किलोमीटरला एकदा चाके पुढची मागे आणि मागची पुढे केली. काल मोजली तेव्हा उरलेल्या तीन मूळ टायरांवर सव्वासात ते साडेसात मिलिमीटर होती, आणि या खेपेला झीज कडेपासून मध्यापर्यंत सारखी आहे. चिरलेल्या टायरच्या जागी त्याच नक्षीचा आणि १०६ भारांकाचा नवा टायर घेतला असून तो मागच्या उजव्या चाकाला आहे. नवा आणि जुना एकाच आसावर असल्यामुळे त्याच्या जोडीला सर्वांत कमी झिजलेला टायर ठेवला आहे. पावसाळ्याआधी, मेअखेरीस, पुन्हा अलाईनमेंट करून खोली मोजणार आहे.